बंद बाथरूममध्ये गॅस गीझरला किती हवा लागते?

प्रश्न : आमचं घर गंगाखेडच्या जुन्या गल्लीत आहे, दोन्ही अंगाला शेजाऱ्यांच्या भिंती. मागच्या वर्षी बाथरूम नवीन केलं. चार बाय सहाचं, छत आठ फुटांवर. लोडशेडिंगमुळे विजेचा गीझर नको म्हणून गॅसचा घेतला आणि तो आतच, नळाच्या वर बसवला. एक व्हेंटिलेटर आहे, पण थंडीत वारं लागतं म्हणून सासूबाईंनी त्याला पुठ्ठा लावून टाकलाय. गीझर बसवणारा म्हणाला, एक्झॉस्ट फॅन लावा, मग काही भीती नाही. माझा भाऊ म्हणतो, फॅनचं सोडा, गीझरच बाहेर काढा. खरं कुणाचं? आणि गीझरला हवा लागते म्हणजे नेमकी किती लागते?
— एक वाचक भगिनी, गंगाखेड

उत्तर : ताई, आधी तो पुठ्ठा काढा. आज संध्याकाळच्या आत काढा आणि मग पुढचं वाचा. तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर आहे. बसवणाऱ्याचं अर्धवट आहे, आणि ते अर्धवट का, हे तुमच्या शेवटच्या प्रश्नातच दडलेलं आहे. म्हणून आधी हवेचा हिशोब करू.

मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा साधा गीझर थंडीतलं पाणी आंघोळीइतकं ऊन करताना तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२ घनमीटर, म्हणजे १२ हजार लिटर हवा लागते. तुमचं बाथरूम १९२ घनफुटांचं, म्हणजे त्यात साधारण ५,४०० लिटर हवा मावते. गीझर दहा मिनिटं चालला की १,७०० लिटरच्या आसपास हवेतला ऑक्सिजन संपतो. दार घट्ट, व्हेंटिलेटरला पुठ्ठा, कुठूनच नवी हवा नाही असं धरलं, तर दहा मिनिटांत खोलीतल्या ऑक्सिजनचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. हवेत ऑक्सिजन असतो २१ टक्के, तो १४ वर आला. पाचच मिनिटं धरली तरी साडेसतराच्या आसपास. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून थोडी हवा येत राहते, म्हणून आकडा इतका खाली जात नाही. पण नवीन बाथरूमचं फायबरचं दार आणि काठोकाठ बसवलेल्या टाइल्स पाहता त्या फटींवर जीव सोपवू नये.

हेच वेगळ्या बाजूने बघा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. हा गीझर पस्तीस लिटर वापरतो. त्या चार बाय सहाच्या खोलीत तुम्ही एकट्या आंघोळ करत असता, पण हवा शंभरावर माणसांची खर्च होत असते.

लोकांना वाटतं, ऑक्सिजन कमी झाला की जीव गुदमरतो, माणसाला कळतं आणि तो बाहेर येतो. इथेच घात होतो. ऑक्सिजन इतका कमी होण्याआधीच गीझरची ज्योत उपाशी पडते. पुरेशी हवा मिळाली तर गॅसचं कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. हवा अपुरी पडली, आणि जळून झालेली हवाच पुन्हा बर्नरला मिळायला लागली, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. काही गीझरमध्ये ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की गॅस आपोआप तोडणारी सोय असते, ती याच कारणाने. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे ते अडीचशे पट जास्त घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे श्वास चालू असतो, छाती भरून येते, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. कडी काढायला हात वर करावा हे डोक्यात येतं आणि हात उठत नाही.

ही भीती उगीच घातलेली नाही. २०२० च्या जानेवारीत मुंबईत बोरिवलीला आंघोळीला गेलेली शाळकरी मुलगी अशाच विषबाधेने गेली. २०२३ च्या होळीला घाटकोपरला रंग खेळून आलेलं जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं, तेव्हाही पहिला संशय गॅस गीझरवरच आला. आपल्याकडे, परभणी-गंगाखेडच्या बाजूला, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा खिडक्यांना पुठ्ठे लागतात आणि दाराखाली पायपुसणं सरकवलं जातं. गीझर सगळ्यात जास्त वेळ चालतो तोही त्याच दिवसांत.

आता फॅनचं. एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर फेकतो, पण जेवढी बाहेर जाईल तेवढी आत यायला वाट लागते. दार घट्ट आणि दुसरीकडे कुठे जाळी नाही, अशा खोलीत फॅन नुसता गरगरतो, हवा फारशी हलतच नाही. गीझरला धुराचा पाइप असेल तर याहून वाईट घडू शकतं : खोलीत हवेचा ताण पडतो आणि फॅन त्याच पाइपातून धूर उलटा आत ओढतो. पण गंगाखेडसाठी मला यापेक्षा मोठी अडचण वेगळीच दिसते. तुम्ही गॅसचा गीझर घेतलात तो लाइट जाते म्हणून. हा गीझर दोन जाड सेलवर पेटतो आणि पाण्याच्या दाबावर चालतो, त्याला विजेची गरजच नाही. फॅनला मात्र आहे. म्हणजे लाइट गेली की गीझर जोरात सुरू आणि फॅन बंद. विजेवर चालणारी राखण विजेशिवाय चालणाऱ्या वस्तूला लावायची, हा सल्ला पुण्यामुंबईत कदाचित खपेल, लोडशेडिंगच्या गावात तो धोक्याचाच आहे. फॅन जरूर लावा, वाफ जायला चांगला. त्याच्या भरवशावर गीझर आत ठेवू नका.

मग हवा यायची-जायची वाट कशी असावी? जगभर याचा साधा आराखडा एकच आहे : दोन भोकं, एक खाली, एक वर. खालून थंड ताजी हवा आत येते, तापलेली हवा वर चढून वरच्या भोकातून निघते. त्यासाठी ना फॅन लागतो ना वीज. अमेरिकेतल्या नियमात एक भोक छतापासून फूटभराच्या आत आणि दुसरं जमिनीपासून फूटभराच्या आत सांगितलेलं आहे. अशी भोकं नसतील तर खोली किती मोठी हवी, तेही तिथे ठरलेलं आहे : दर हजार बीटीयूला ५० घनफूट. तुमचा गीझर ४० हजार बीटीयूच्या आसपासचा, म्हणजे २,००० घनफुटांची खोली हवी. तुमची १९२ ची आहे. आणि हा हिशोबही मुख्यतः धुराडं लावलेल्या उपकरणांचा आहे. आपल्याकडचे बरेचसे गीझर धुराचा पाइप न लावताच बसवले जातात, त्यांचा सगळा धूर डोक्यावरच्या झडपेतून खोलीतच पसरतो.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत बाथरूमची निदान एक भिंत बाहेरच्या हवेला लागून असावी आणि त्या भिंतीत ०.३७ चौरस मीटरचं, म्हणजे चार चौरस फुटांचं उघडं असावं असं सांगितलंय. चार चौरस फूट म्हणजे दोन बाय दोनची पूर्ण खिडकी. तुमच्या व्हेंटिलेटरला टेप लावून बघा. बहुतेक घरांत तो दीड बाय एकचा असतो, त्यात काचेच्या पट्ट्या, त्यामागे डासांची जाळी, आणि जाळीवर साबणाचा नि धुळीचा थर. कागदावर दीड चौरस फूट असलेलं उघडं प्रत्यक्षात निम्मंही उरत नाही. जाळी महिन्यातून एकदा ब्रशने घासायला हवी. आणि खिडकी कुठे उघडते तेही बघा. मोकळ्या बोळात उघडत असेल तर चालेल. जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात किंवा बंद स्टोअररूममध्ये उघडत असेल तर ती खिडकी हिशोबात धरू नका.

इतकं सांगूनही माझं मत भावाच्याच बाजूने आहे. धुराडं नसलेला गीझर बाथरूमच्या आत नको, भोकं कितीही पाडा. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनी यावर सरळ बंदीच घातली : बाथरूममध्ये गॅसचं उपकरण लावायचं तर ते खोलीच्या हवेशी काही संबंध नसलेलंच हवं, म्हणजे एका पाइपाने बाहेरची हवा घेणारं आणि दुसऱ्याने धूर बाहेरच सोडणारं, मधली पेटी पूर्ण बंद. तिथे ही अक्कल फार उशिरा आली. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वाडी मॉन याने आंघोळीच्या पाण्यासाठी पहिला गॅस गीझर केला, त्यात धूर बाहेर न्यायची सोयच नव्हती.

आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाला मात्र ती होती. मधोमध नळकांडं, खाली लाकडं किंवा कोळसा, सभोवार पाणी. धूर त्या नळकांड्यातून वर निघायचा. आणि बंब असायचा परसात, पडवीत किंवा न्हाणीच्या बाहेर. ऊन पाणी घंगाळात काढून आत न्यायचं. ज्या घरात बंब नव्हता तिथे चुलवणावर हंडा, तोही उघड्यावर. न्हाणीला तरी काय, आडोशाच्या भिंती आणि वर आभाळ. विस्तव एकीकडे आणि अंघोळ दुसरीकडे, ही घराची जुनी मांडणी होती. टाइल्सचं बाथरूम आलं आणि आपण विस्तव उचलून त्या बंद खोलीत नेला. धूर डोळ्यांना झोंबत नाही म्हणून तो आहे हेच ध्यानात येईना.

तर गीझर बाहेर. तुमच्या घराला दोन्ही अंगाने भिंती आहेत म्हणता, मग मागच्या परसातली बाथरूमची भिंत बघा. गीझर बाहेरच्या अंगाला, त्याच भिंतीवर, आणि गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत. भिंतीला भोक, दोन-चार फूट सीपीव्हीसी पाइप, दोन एल्बो, एवढंच काम. साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्याला लावू देऊ नका, तो मऊ पडतो. वर पत्र्याचा छोटा आडोसा करा म्हणजे पाऊस आणि वाऱ्याचा झोत लागणार नाही, पण समोरून आणि खालून मोकळं राहू द्या. पेटीत कोंडलात तर पुन्हा तेच. झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको. गच्चीवर न्यायचा विचार कुणी सुचवेल, पण टाकीच्या लगेच खाली गीझर लावला तर पाण्याला दाब मिळत नाही आणि तो पेटतच नाही. घेताना आयएस १५५५८ या मानकाचा आयएसआय शिक्का बघून घ्या.

हे काम व्हायला आठ-पंधरा दिवस लागतील. तोवर एकच रीत पाळा. व्हेंटिलेटर उघडा, दार सताड उघडं, गीझर लावून बादली भरा. वीस लिटरची बादली तीन-चार मिनिटांत भरते. मग नळ बंद, गीझर बंद, गॅसची टाकी बंद. दोन मिनिटं दार तसंच राहू द्या, आणि मग आत जाऊन आंघोळ करा. गीझर चालू असताना कुणीही दार लावून आत थांबायचं नाही. लहान मुलं आणि सासूबाई यांच्यासाठी तर मुळीच सूट नाही. शॉवर विसरा. एकामागून एक आंघोळी असतील तेव्हा जास्त सांभाळा, कारण पहिल्याच्या वेळची खराब हवा दुसऱ्याच्या वाट्याला येते. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात पाहुणे, अभ्यंगासाठी रांग, बाहेर गारठा आणि गीझर तासभर अखंड. त्या दिवशी बादल्या भरून बाहेर ठेवायचं काम एका मोठ्या माणसाकडे सोपवा.

बऱ्याच गीझरना वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते. तिच्यावर विसंबू नका. बंद खोलीत वीस मिनिटं फार होतात, आणि नळ बंद करून पुन्हा सोडला की मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

शेवटची गोष्ट ज्योतीची. गीझर बाहेर गेल्यावरही अधूनमधून झरोक्यातून ज्योत बघत जा. निळी, ताठ, बेताची असेल तर ठीक. पिवळी, लांब, डुलणारी दिसली, किंवा वरच्या पत्र्यावर काजळीचा काळा पट्टा उमटला, तर आतल्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये काजळी बसली आहे, नाहीतर बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळं केलंय. आपल्या बोअरच्या पाण्याने क्षारही लवकर धरतो. दिवाळीच्या आधी दरवर्षी उघडून साफ करून घ्या.

प्रश्न : गॅसचा वास आला तर आम्ही लगेच टाकी बंद करतो. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असं समजायचं ना?
— एक वाचक, पालम

उत्तर : नाही. तुम्ही दोन वेगळे धोके एक समजताय. टाकीतल्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र द्रव्य मिसळतात. तो वास न जळलेल्या गॅसचा. कार्बन मोनॉक्साइड हा गॅस जळल्यावर होतो, तोवर मर्कॅप्टनही जळून गेलेलं असतं. त्यामुळे वास मुळीच नाही आणि विष भरपूर, असं सहज होऊ शकतं. दोघांची चालही वेगळी. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून खालची जाळी त्यालाही वाट देते. कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच, तो सगळीकडे मिसळतो. बाजारात गॅस गळतीचा अलार्म मिळतो, त्याला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. त्याचा अलार्म वेगळा मागून घ्या, सेलवर चालणारा, आणि वाफेत खराब होऊ नये म्हणून बाथरूमच्या दाराबाहेर लावा. गळतीचा संशय आला तर १९०६ वर फोन करा.

प्रश्न : भाड्याचं घर आहे. घरमालक भिंत फोडू देत नाही. काय करावं?
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : गीझर काढून ठेवा. विजेच्या शेगडीवर किंवा गॅसच्या शेगडीवर स्वयंपाकघरात, खिडकी उघडी ठेवून, पातेलंभर पाणी तापवून बादलीत मिसळा. आणि घरमालकाशी पुन्हा बोला, या वेळी भिंतीचं नाही तर दाराचं. दाराच्या खालच्या भागात जाळी बसवायला शंभर-दोनशेचं काम लागतं आणि भिंत जशीच्या तशी राहते. तिने गीझर निर्धोक होणार नाही, पण गीझर काढेपर्यंत कुणी तो नकळत लावलाच तर काही हवा तरी आत येईल.

प्रश्न : आमच्या नातवाला आंघोळ करताना दोनदा भोवळ आली. दुसऱ्या वेळी हातपाय आखडले. फिट म्हणून गोळ्या सुरू केल्यात. घरी गॅस गीझर आहे. संबंध असू शकतो का?
— एक आजोबा, गंगाखेड तालुका

उत्तर : असू शकतो, आणि हे डॉक्टरांना आजच सांगा. भारतातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी असे बरेच रुग्ण नोंदवले आहेत : इतर वेळी ठणठणीत, झटका किंवा भोवळ फक्त आंघोळीत, घरी बाथरूमच्या आत गॅस गीझर. त्याला गॅस गीझर सिंड्रोम असं नावही पडलंय. गीझर काढल्यावर यातल्या अनेकांना पुन्हा कधी झटका आला नाही. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील.

पुन्हा असं घडलंच तर दार उघडून मुलाला आधी उघड्या हवेत आणा. बाहेरून उघडेल अशी कडी बाथरूमला आजच बसवून घ्या. आत जाणाऱ्याने श्वास रोखून जायचं, गीझर बंद करायचा आणि लगेच बाहेर. १०८ ला फोन करा आणि सांगा की गॅस गीझरचा धूर लागलाय, ऑक्सिजन हवा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ९८ दाखवेल, त्यावर विश्वास ठेवू नका. त्या यंत्राला ऑक्सिजन धरलेलं रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्त यातला फरक ओळखता येत नाही. खरं काय ते रक्ताच्या वेगळ्या तपासणीत दिसतं, आणि तीही लवकर व्हावी लागते, कारण साध्या हवेत चार-पाच तासांत रक्तातला निम्मा विषारी भाग निघून जातो. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेवढंच काम तास-दीड तासात होतं. गंगाखेडहून परभणी चाळीसेक किलोमीटर आहे. मुलाला तिकडे हलवायचं ठरलं तर ऑक्सिजन इथूनच, गाडीत बसवतानाच सुरू करायला सांगा.